राक्षस हवेत कशाला?

सकाळच्या बदलापूर लोकलच्या लेडीज डब्यात विषयांना कधी तोटा नसतो. भाजी निवडता निवडता, मोबाइलवर हप्ता भरता भरता काहीही निघतं. मध्यंतरी असाच एक वाद रंगला. एका तरुण आईचं म्हणणं होतं, लहान मुलांना राक्षसांच्या गोष्टी सांगूच नयेत. मुलं घाबरतात, रात्री दचकून उठतात. तिनं घरातली गोष्टींची सगळी पुस्तकं माळ्यावर टाकून दिली होती. अंबरनाथला चढलेल्या एक आजी (पंचाहत्तरीच्या, पण अजून एकट्या फिरणाऱ्या) चष्मा पुसत म्हणाल्या, "अगं, राक्षस काढून टाकलास तर गोष्टीत उरलं काय? देव काय नुसते बसून राहणार?" सगळा डबा हसला. तेवढ्यात विठ्ठलवाडी आली, उतरणाऱ्यांची धक्काबुक्की सुरू झाली आणि विषय तिथंच संपला.

मला मात्र आजींचा प्रश्न चिकटून राहिला. कारण त्याच आठवड्यात माझ्या नववीतल्या भाचीनं वेगळ्या वाटेनं तोच विषय काढला होता. ती हल्ली ग्रीक पुराणकथांच्या नादाला लागलीय. मेडुसा, मिनोटॉर, हायड्रा... ही नावं तिला आपल्या मामे-चुलत नातेवाइकांपेक्षा जास्त पाठ आहेत. "मावशी, ग्रीकांचे राक्षस भारी असतात गं," ती म्हणाली, "आपले सगळे सारखेच. मोठे दात, मोठं पोट, गदा मारली की मेले!" मला ते जरा लागलंच. म्हटलं, बस इथं, आणि आधी चहा टाक.

तर मैत्रिणींनो, त्या चहापासून सुरू झालेला हा शोध आहे.

सुरुवात शब्दापासूनच करू. इंग्रजीतला 'मॉन्स्टर' हा शब्द लॅटिनमधून आला आणि त्याच्या मुळाशी 'इशारा देणं' हा अर्थ आहे. म्हणजे मॉन्स्टर म्हणजे नुसतं अक्राळविक्राळ जनावर नव्हे, तर 'सांभाळा' अशी पाटी. आपला 'राक्षस' तर त्याहून गमतीचा. त्याचं नातं 'रक्ष्' या धातूशी लावतात, म्हणजे राखणं, रक्षण करणं. रामायणाच्या उत्तरकांडात कथा आहे की ब्रह्मदेवानं पाणी निर्माण केलं आणि ते सांभाळायला प्राणी निर्माण केले. 'आम्ही राखू' असं जे म्हणाले ते राक्षस झाले. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त हाच धागा पकडून सगळी पुराणं उलटी वाचली. ज्यांना तुम्ही राक्षस म्हणता ते या भूमीचे राखणदार होते, जिंकणाऱ्यांनी त्यांना शिंगं-दात चिकटवले, असं त्यांचं सांगणं. आणि बघा ना, एकीकडे बळीला पाताळात घातल्याची कथा ऐकायची आणि दुसरीकडे पाडव्याला ओवाळताना 'इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो' म्हणायचं, हे आपल्या आज्या-पणज्या बिनदिक्कत करत आल्या. त्यांना त्यात काही विसंगत वाटलं नाही. राक्षस हा काही एकाच अर्थाचा प्राणी नाही, हे त्यांना न शिकवता ठाऊक होतं.

पण इशारा कसला? मला वाटतं, याचं सगळ्यात जुनं उत्तर बाळंतिणीच्या खोलीत सापडतं.

माझ्या सासूबाई मुरबाडकडच्या. त्यांच्या लहानपणी पाचवी-सहावीच्या रात्री घरातलं कोणी झोपत नसे. उशाला विळा ठेवायचा, दिवा विझू द्यायचा नाही, बायकांनी गप्पा मारत जागत बसायचं. का? तर सटवी येते. ती बाळाच्या कपाळी नशीब लिहिते, आणि रागावली तर बाळाला नेते. आपण शिकलेल्या बायका याला हसतो. पण जरा थांबा. नाळ घरातल्याच विळ्यानं कापायची, वर राख किंवा शेण लावायचं, अशी पद्धत जिथं होती तिथं नवजात बाळाला धनुर्वात होण्याचा धोका मोठा होता. आणि हा धनुर्वात दिसायला लागतो तो जन्मल्यावर साधारण तिसऱ्या दिवसापासून दोन आठवड्यांच्या आत. चांगलं दूध पिणारं बाळ अचानक दूध ओढेनासं होतं, जबडा घट्ट होतो, अंग धनुष्यासारखं वाकतं. ज्या बाईला जंतू म्हणजे काय हे ठाऊक नाही, तिनं याला काय नाव द्यावं? तिनं पाहिलं एवढंच की कोणीतरी पहिल्याच आठवड्यात येतं आणि बाळ घेऊन जातं. भीती अचूक होती, फक्त आरोपी चुकला होता. किंवा कुणी सांगावं, त्या विळ्यातच होता!

आयुर्वेदातही बघा. सुश्रुतसंहितेत लहान मुलांना पछाडणारे नऊ 'बालग्रह' सांगितले आहेत आणि त्यातल्या तिघींची नावं आहेत पूतना, अंधपूतना, शीतपूतना. त्यांची लक्षणं वाचली तर जुलाब, उलट्या, ताप, सुकत जाणं, म्हणजे बालरोगाची ओपीडीच समोर येते. कृष्णाला दूध पाजायला आलेली पूतना ही गोष्टीतली राक्षसी असण्याबरोबर असंख्य आयांनी आपल्या मांडीवर पाहिलेलं मरणही होती. होळीची ढुंढा राक्षसीही तशीच, लहान मुलांना छळणारी. थंडी संपून उन्हाळा लागताना मुलं आजारी पडायची, म्हणून गावानं आग पेटवायची, बोंबा मारायच्या आणि तिला वेशीबाहेर हाकलायचं.

ग्रीकांकडे हीच बाई 'लामिया' नावानं भेटते. ती लिबियाची राणी. देवराज झ्यूसचं तिच्यावर मन बसलं, म्हणून त्याची बायको हेरा हिनं तिची मुलं मारली (शिक्षा नवऱ्याला नाही, हे लक्षात ठेवा, पुढं पुन्हा येणार आहे). दुःखानं वेडी झालेली लामिया मग दुसऱ्यांची मुलं खात सुटली. ग्रीक आया मुलांना तिचीच भीती घालायच्या. आपल्याकडे बौद्ध कथांमधली हारिती यक्षिणी अगदी तिच्या बहिणीसारखी. तिला पाचशे मुलं, आणि ती खायची दुसऱ्यांची. बुद्धानं तिचं धाकटं लेकरू लपवून ठेवलं. ती रडत सैरावैरा धावली, तेव्हा त्यानं विचारलं, पाचशेतलं एक गेलं तर तुझी ही दशा, ज्यांना एकच आहे त्यांचं काय? ती बदलली आणि मुलांची राखण करणारी देवी झाली. अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात ती नवऱ्यासोबत ऐटीत बसलेली आहे, खाली पोरं खेळताहेत. अजिंठ्याला गेलात तर गर्दीत हे दालन चुकवू नका. लामियाला असं कुणी भेटलं नाही. भाचीला म्हटलं, इथं मात्र आपली गोष्ट भारी! तिनं मान्य केलं, पण थोडंसंच.

आणि सटवीचं काय झालं? गरोदर बाईला धनुर्वाताची दोन इंजेक्शनं, दवाखान्यात बाळंतपण, नाळ कापायला निर्जंतुक ब्लेड. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातून माता आणि नवजातांचा धनुर्वात आटोक्यात आल्याचं, म्हणजे सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून तो संपल्याचं, मान्य केलं. आशाताई आणि नर्सबाईंनी हातात सुई घेऊन एक राक्षसीण मारली, आणि त्याची पोथी कुणी लिहिली नाही. पाचवी आपण अजून पुजतो. पुजावी. पण इंजेक्शनही घ्यावं.

दुसऱ्या जातीचा राक्षस असतो तो हप्ता घेणारा. बकासुर आठवतोय ना? एकचक्रा नगरीनं रोज गाडाभर भात, दोन रेडे आणि ते घेऊन जाणारा माणूस द्यायचा. त्याबदल्यात तो गावाचं बाहेरच्या शत्रूंपासून रक्षण करतो, असा करार. राजा काय करत होता? काही नाही. महाभारतात तो दुबळा आणि निरुपयोगी असल्याचं सरळ म्हटलंय. आपल्याला ही गोष्ट लहानपणी भीमाच्या जेवणाची गंमत म्हणून सांगतात. मूळ कथेत मात्र त्या ब्राह्मणाच्या घरचा प्रसंग वाचाच. आज कोणी जायचं यावर चर्चा चाललीय. बाप म्हणतो मी जातो. बायको म्हणते, तुम्ही गेलात तर मुलांना कोण पोसेल, मी जाते, बाईला मारताना कदाचित तो विचार करेल. मुलगी म्हणते, मला तरी कधी ना कधी परक्या घरी द्यायचीच आहे, आत्ताच द्या. वाचताना पोटात कालवतं. आणि सगळे रडत असताना त्यांचं बोबडं बोलणारं बाळ गवताची काडी उचलतं आणि म्हणतं, मी याने राक्षसाला मारीन! सगळे रडता रडता हसतात. तेवढ्यात दारात कुंती येते.

अथेन्सच्या लोकांचीही अशीच पाळी ठरलेली होती. क्रीटच्या राजाला ठरावीक वर्षांनी सात मुलगे आणि सात मुली पाठवायच्या, आणि त्यांना भुलभुलैयात सोडलं की बैलाच्या डोक्याचा मिनोटॉर खाणार. शेवटी थेसियसनं त्याला मारलं. पण बाहेर पडायची वाट कुणी दाखवली? राजाच्याच मुलीनं, आरियाडनीनं, दोऱ्याचा गुंडा देऊन. तिच्यासाठी तो काय करतो? परतीच्या वाटेवर नॅक्सॉस बेटावर तिला झोपेत सोडून निघून जातो. भाची म्हणाली, "म्हणजे मिनोटॉरपेक्षा हा वाईट." मी म्हटलं, नोंद कर.

तिसरा राक्षस आमच्या अगदी दारातला आहे. अंबरनाथचं शिवमंदिर ज्या वालधुनी नदीच्या काठी उभं आहे, ती नदी तुम्ही हल्ली पाहिली असेल तर नाकाला पदर लावूनच. तिच्यात कारखान्यांचं रसायनाचं पाणी येतं, सांडपाणी येतं, उल्हासनगरात जीन्स धुणाऱ्या कारखान्यांचं निळं पाणीही यायचं. २०१४च्या नोव्हेंबर अखेरीला तर नदीत ओतलेल्या रसायनामुळं उल्हासनगरमध्ये रात्रीतून शेकडो लोकांना श्वास घेणं मुश्कील झालं, दवाखाने भरले. कालियाची गोष्ट याहून वेगळी काय आहे? डोहात नाग राहायला आला, पाणी विषारी झालं, वरून उडणारे पक्षी खाली पडू लागले, पाणी प्यायलेल्या गाई मेल्या. ग्रीकांची हायड्राही दलदलीतच राहायची, तिचा नुसता श्वास विषारी. एक डोकं तोडलं की तिथं दोन उगवायची. एक नाला बंद केला की रात्री टँकर दुसरीकडे रिकामा होतो, तसंच.

पण कालियाच्या गोष्टीत मला नेहमी एक जागा खटकते. कृष्ण त्याला मारत नाही. त्याच्या बायका हात जोडतात, आणि कृष्ण सांगतो, इथून निघ, समुद्रात आपल्या रमणक द्वीपावर जाऊन राहा. यमुना स्वच्छ झाली, छान झालं. रमणक द्वीपावरच्या लोकांना कुणी विचारलं का? आमच्याकडे एखादा कारखाना 'हलवला' अशी बातमी आली की मला आधी हेच आठवतं, कुठं हलवला?

देवळाचा विषय निघालाच आहे तर आत जाऊ. शिलालेखावर शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० हा काळ आहे, शिलाहार राजांचा. सभामंडपातून वीसेक पायऱ्या उतरून गाभाऱ्यात जावं लागतं. महाशिवरात्रीला तर रांग पार बाहेर रस्त्यापर्यंत. त्या रांगेत उभं राहून कंटाळलात की खांबांवरची नक्षी बघा. एक चेहरा तुम्हाला पुन्हा पुन्हा दिसेल. वटारलेले डोळे, फुगलेल्या नाकपुड्या, उघडा जबडा, आणि खाली धडच नाही. हे कीर्तिमुख. आपल्याकडच्या जुन्या देवळांत उंबरठ्यालाही असतं, आणि आपण त्याला ओलांडून आत जातो.

याची कथा मला सगळ्या राक्षसकथांत जास्त आवडते. जालंधर नावाच्या दैत्यानं राहूला शंकराकडे पाठवलं, निरोप असा की पार्वती मला दे. शंकराला इतका राग आला की त्याच्या कपाळातून एक भुकेलं, सिंहाच्या तोंडाचं भूत बाहेर पडलं आणि राहूवर धावलं. राहू लगेच शंकरालाच शरण! शरण आलेल्याला मारता येत नाही. आता ते भूत म्हणतं, मला भूक लागलीय, मी काय खाऊ? शंकर म्हणतो, स्वतःलाच खा. आणि ते खरंच खातं. हात, पाय, पोट, छाती, सगळं खाऊन शेवटी फक्त तोंड उरतं. शंकर थक्क होतो. तिथून पुढं त्याचं नाव कीर्तिमुख, आणि जागा माझ्या दारात. तुला नमस्कार केल्याशिवाय जो आत येईल त्याला माझी कृपा नाही, असं तो सांगून टाकतो.

राग हा कुणाच्या तरी अंगावर जायला निघाला होता. त्याला मारलं नाही, दाबलंही नाही, नोकरीला ठेवलं. घरोघरी रागावर पांघरूण घालत जगणाऱ्या आपल्यासारख्यांना ही युक्ती विचार करण्याजोगी आहे. ग्रीकांनी मेडुसाचं तोंड असंच ढालीवर, देवळांवर, अगदी पेल्यांवरही काढलं. नजर लागू नये म्हणून ट्रकमागे रंगवलेलं राक्षसाचं तोंड, नव्या बिल्डिंगवर टांगलेला काळा मुखवटा, ही सगळी त्याच घरातली माणसं. महाभारतातली जरा राक्षसीही अशीच. दोन अर्धी शकलं होऊन जन्मलेलं, टाकून दिलेलं बाळ तिनं जोडलं, तो जरासंध. ती स्वतःची ओळख 'गृहदेवी' अशी सांगते आणि म्हणते, जो माझं पोराबाळांसकट चित्र भिंतीवर काढील त्याचं घर भरलेलं राहील. बदलापूरजवळ मुळगावच्या टेकडीवर खंडोबाचं देऊळ आहे. त्या खंडोबाच्या कथेतही मणी आणि मल्ल असे दोन दैत्य भाऊ. मणीनं शेवटी क्षमा मागितली, त्याला देवाजवळ जागा मिळाली. जेजुरीला गेलेल्यांना ठाऊक असेल.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. मी भाचीला चवीनं सांगत होते. मग तिनं विचारलं, "पण मावशी, आता जे खरे राक्षस असतात, त्यांचं काय?" ती कशाबद्दल बोलतेय हे मला विचारावं लागलं नाही. बदलापूरच्या कुठल्याच घरात विचारावं लागत नाही.

२०२४च्या ऑगस्टमध्ये इथल्या एका शाळेत बालवर्गातल्या दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाल्याचं उघड झालं. तक्रार नोंदवायला घरच्यांना तासन् तास ताटकळावं लागलं. २० ऑगस्टला लोक बदलापूर स्टेशनात रुळांवर उतरले, दिवसभर गाड्या बंद होत्या. मुंबई उच्च न्यायालयानं स्वतःहून दखल घेतली. ज्याच्यावर आरोप होता तो शाळेतच सफाईचं काम करणारा. सप्टेंबरमध्ये पोलिसांच्या गोळीनं त्याचा मृत्यू झाला. खटला चालून जे काही सिद्ध व्हायचं ते राहूनच गेलं. त्या दिवसांत एक शब्द सगळीकडे होता, फलकांवर, चॅनलवर, डब्यात. राक्षस. नराधम.

संताप मलाही होता, आजही आहे. पण तो शब्द ऐकताना मला बरं वाटेना, आणि का ते कळायला वेळ लागला. राक्षस म्हटलं की डोळ्यांसमोर शिंगं-दात येतात. लांबून ओळखू येणारा, जंगलात राहणारा, आपल्यातला नसलेला. मग मुलांना आपण सांगतो, अनोळखी माणसाकडून चॉकलेट घेऊ नकोस. आणि निर्धास्त होतो. आपल्या जुन्या गोष्टींनी मात्र असं कधीच सांगितलं नव्हतं. रावण दहा तोंडं घेऊन पर्णकुटीशी आला नाही, भिक्षा मागणारा साधू होऊन आला. मारीच सोन्याचं हरीण झाला. आणि पूतना! भागवतात तिचं येणं वाचा. सुंदर बाई, केसांत मोगऱ्याचा गजरा, चेहऱ्यावर हसू. गोकुळातल्या बायकांना वाटलं, लक्ष्मीच आली. ती सरळ आत गेली, पाळण्यातलं बाळ उचललं. आणि यशोदा काय करत होती? ती आणि रोहिणी तिथंच होत्या. तिच्या वागण्या-बोलण्यानं दिपून नुसत्या बघत राहिल्या. अडवलं नाही.

आई घरात असताना, आईच्या देखत, आईसारखंच वागून. शेकडो वर्षांपूर्वीच्या कुणी तरी हे एवढं नेमकं लिहून ठेवलंय. आपण मात्र ती गोष्ट सांगताना मोठे दात आणि शेवटचा धिप्पाड देह तेवढा सांगतो, गजरा गाळतो. त्या तरुण आईला मला म्हणायचं होतं ते हेच. पुस्तकं माळ्यावरून काढ, आणि गजऱ्यासकट सांग. चांगला वागणारा, खाऊ देणारा, ओळखीचा माणूसही नको तिथं हात लावू शकतो, आणि तसं झालं तर ओरडायचं, मला सांगायचं, मी रागावणार नाही, हे चार वर्षांच्या पोरीला पूतनेच्या गोष्टीतून समजतं. त्यासाठी वेगळं व्याख्यान लागत नाही. (आणि आपल्यासाठी, १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबर फ्रिजवर लिहून ठेवा.)

उल्हासनगरच्या कॅम्पात माझी एक सिंधी मैत्रीण राहते. तिच्या आजी फाळणीनंतर सिंध सोडून आलेल्या. दसऱ्याला रावण जळताना बघायला त्या कधी जायच्या नाहीत. म्हणायच्या, आम्हाला ज्यांनी घराबाहेर काढलं त्यांना एकच तोंड होतं, आणि ज्या शेजाऱ्यानं रात्री दार उघडून आत घेतलं त्यालाही एकच.

आता मेडुसाकडे येते, कारण भाचीची ती लाडकी. रोमन कवी ओव्हिड यानं दोन हजार वर्षांपूर्वी तिची पूर्वकथा सांगितली. ती सुंदर मुलगी होती, विशेषतः तिचे केस. समुद्रदेवानं तिच्यावर देवळातच अत्याचार केला. देऊळ होतं अथीना देवीचं. देवीला देऊळ बाटल्याचा राग आला, आणि शाप कुणाला दिला? मेडुसाला. तिच्या केसांचे साप केले, जो तिच्याकडे बघेल तो दगड होईल. मग एक वीर येतो, ढालीत बघून तिचं डोकं कापतो आणि टाळ्या मिळवतो. समुद्रदेवाचं काय झालं, असं भाचीनं विचारलं. काही नाही. तो देवच राहिला. लामियाच्या वेळी लक्षात ठेवा म्हटलं होतं ते हेच. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच राक्षस ठरवायचं, ही फार जुनी सोय आहे. 'तीच तशी होती', 'कपडे कसे घालायची', 'आईनं लक्ष ठेवायला हवं होतं', ही वाक्यं आपण डब्यात ऐकतो तेव्हा कुणाच्या तरी केसांचे साप होत असतात.

राक्षस मेल्यावर गोष्ट संपते, असं आपल्याला वाटतं. आपल्याच एका सणात ती संपत नाही. नरकचतुर्दशीला पहाटे अंगणात तुळशीपुढं पायाच्या अंगठ्यानं कारीट फोडायचं, तो नरकासुर. गोव्यात तर त्याचे भले मोठे पुतळे रात्रभर मिरवून पहाटे जाळतात. तो मेला, काही ठिकाणी सांगतात, सत्यभामेनंच मारला. पण त्याच्या कैदेत सोळा हजार बायका होत्या, विष्णुपुराण म्हणतं सोळा हजार शंभर. दरवाजे उघडले. आता त्या जाणार कुठं? लोककथा स्पष्ट बोलते, परक्याच्या घरी राहिलेल्या मुलींना माहेर परत घेणार नव्हतं. म्हणून कृष्णानं सगळ्यांशी लग्न केलं. हे आपण 'कृष्णाच्या सोळा हजार बायका' असं म्हणून फिदीफिदी हसतो. मला त्यात पुनर्वसनाची एक अवघड फाईल दिसते. एका सुदर्शनाच्या फेकीत राक्षस मरतो, पण सोळा हजार घरांचे दरवाजे देवालाही उघडता आले नाहीत.

त्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत. बदलापूरच्या मुलींची नावं आपल्याला कळत नाहीत ती पोक्सो कायद्यामुळं, त्यांच्या भल्यासाठी, आणि ती कळता कामाच नयेत. पण या सोळा हजारांची कुणी विचारलीच नाहीत. मी शोधलं तेव्हा भागवतात कृष्णाच्या मुलांच्या यादीत एका रोहिणीची मुलं आढळली, ही बलरामाची आई नव्हे. टीकाकार म्हणतात, ती त्या सोळा हजारांतली एक. सोळा हजारांत एक नाव, तेही मुलांमुळं.

आमच्या बिल्डिंगमध्ये दिवाळीच्या पहाटे कारीट फोडून झालं की लहान मुली फराळाच्या ताटाभोवती जमतात. गेली काही वर्षं मी त्यांना नरकासुराची गोष्ट तिथून पुढं सांगते, दरवाजा उघडल्यापासून. लढाई त्यांना पाठ असते, त्यात त्यांना रस नसतो. चकली मोडता मोडता त्यांचा पहिला प्रश्न दरवर्षी ठरलेला, "मग त्या आपल्या आईकडे का नाही गेल्या?"